संत पोप जॉन तेविसावे आणि क्युबाचे संकट



११ ऑक्टोबरला ख्रिस्तसभा संत पोप जॉन तेविसावे यांचा सण साजरा करते. दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद भरवणारे हसतमुख पोप म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांच्या शेवटच्या आठ महिन्यांविषयी मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

आंजेलो रोंकाल्ली यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८१ रोजी इटलीतील सोत्तो इल मोन्ते या खेड्यात, वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबात झाला. १९०४ साली ते धर्मगुरू झाले. पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालयांत सेवा करताना तरुण मुले मरताना त्यांनी जवळून पाहिली. दुसऱ्या महायुद्धात तुर्कस्तानात असताना त्यांनी अनेक ज्यूंना वाचवण्यास मदत केली. २८ ऑक्टोबर १९५८ रोजी, ७६ व्या वर्षी, ते पोप झाले.

११ ऑक्टोबर १९६२ रोजी विश्वपरिषद सुरू झाली आणि तीनच दिवसांनी अमेरिकन विमानाने क्युबातील रशियन क्षेपणास्त्रांची छायाचित्रे टिपली. दोघांकडेही अणुबॉम्ब आहेत, म्हणून कोणीच तो टाकणार नाही, असे त्या वेळचे राज्यकर्ते धरून चालत. (आजचेही चालतात.) तर्क वरवर बिनचूक वाटतो. पण तो टिकायला सर्वांचे डोके सदैव थंड हवे, मिळालेली बातमी खरी हवी आणि विचाराला वेळ हवा. २७ ऑक्टोबरला अमेरिकन नौदलाने एका रशियन पाणबुडीला वर आणण्यासाठी इशाऱ्याचे स्फोट केले. आत असह्य उकाडा, मॉस्कोशी संपर्क नाही. युद्ध पेटले असे समजून कप्तान अणुटॉर्पेडो सज्ज करायला निघाला. वासिली अर्खिपोव या अधिकाऱ्याने त्याला शांत केले. जगाला हे कळायला सुमारे चाळीस वर्षे लागली.

पोपमहोदयांना यातले काही ठाऊक असणे शक्यच नव्हते. त्यांना स्वतःला पोटाचा कर्करोग जडला होता. २५ ऑक्टोबरला त्यांनी व्हॅटिकन रेडिओवरून राज्यकर्त्यांना वाटाघाटींची विनवणी केली. दुसऱ्या दिवशी ती 'प्रावदा'ने, म्हणजे देव न मानणाऱ्या पक्षाच्या मुखपत्राने, छापली! २८ तारखेला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे मागे घेत असल्याचे जाहीर केले. बदल्यात तुर्कस्तानातील अमेरिकन क्षेपणास्त्रे गुपचूप काढण्याचे ठरले होते. यात पोपमहोदयांच्या शब्दाचा वाटा किती, हे कोणी मोजू शकत नाही.

त्यांना मात्र तेवढ्यावर थांबणे पटले नाही. ११ एप्रिल १९६३ रोजी, पवित्र गुरुवारी, 'पाचेम इन तेर्रिस' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. ते कॅथलिकांबरोबरच सद्‌भावना असलेल्या सर्व माणसांना उद्देशून होते. शस्त्रांच्या बरोबरीने शांती टिकत नाही, त्यासाठी परस्पर विश्वास लागतो, आणि कोणाच्या मनात नसतानाही एखाद्या अनपेक्षित घटनेने वणवा पेटू शकतो, असे त्यांनी त्यात बजावले.

३ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. २० जूनला वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संदेशवाहिनी टाकण्याचा करार झाला. क्युबाच्या संकटात एकेक संदेश पोहोचायला कित्येक तास लागले होते.