घरोघरी प्रथमोपचार पोहोचवणारा शल्यविशारद

स्वयंपाक करताना उकळते तेल हातावर उडते. विळीने मनगट कापते. आजोबा न्हाणीघरात घसरून पडतात. खेळता खेळता लहानग्याच्या घशात शेंगदाणा अडकतो. अशा वेळी डॉक्टर भेटेपर्यंतची पहिली काही मिनिटे घरातल्याच माणसांच्या हातात असतात. त्या मिनिटांत काय करायचे हे सर्वसामान्य माणसाला शिकवता येते आणि शिकवले पाहिजे, हे आज सर्वांना मान्य आहे. पण सुमारे १४० वर्षांपूर्वी ही कल्पना मांडली गेली, तेव्हा खुद्द डॉक्टरांमध्येच तिला विरोध झाला होता. हा विरोध सोसून ज्यांनी प्रथमोपचाराचे वर्ग सुरू केले आणि त्याचे छोटेसे पुस्तक जगभर पोहोचवले, ते जर्मन शल्यविशारद म्हणजे फ्रीडरिख फॉन एस्मार्ख.

त्यांचा जन्म ९ जानेवारी १८२३ रोजी ट्योनिंग या उत्तर समुद्राजवळच्या छोट्या गावात झाला. हे गाव श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतात येते. त्या वेळी तेथे डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती. वडील डॉक्टर असल्याने वैद्यकाचे वातावरण घरातच होते. कील आणि ग्योटिंगेन येथे शिक्षण घेतल्यावर १८४६ मध्ये कीलच्या रुग्णालयात बेर्नहार्ड फॉन लांगेनबेक या नामांकित सर्जनचे सहायक म्हणून त्यांनी काम सुरू केले.

दोनच वर्षांनी, १८४८ मध्ये श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये डेन्मार्कविरुद्ध उठाव झाला. पंचविशीतले एस्मार्ख सैन्यात डॉक्टर म्हणून गेले आणि डॅनिश सैन्याच्या हाती सापडले. कैद्यांच्या अदलाबदलीत सुटका झाल्यावर ते पुन्हा जखमींच्या सेवेत रुजू झाले. या काळात त्यांना लुई श्ट्रोमायर या अनुभवी लष्करी सर्जनच्या हाताखाली शिकायला मिळाले. पुढे १८५४ मध्ये श्ट्रोमायर यांच्या मुलीशीच त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी कीलच्या शस्त्रक्रिया विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि १८५७ मध्ये ते प्राध्यापक झाले.

त्यानंतरही युद्धांनी त्यांची पाठ सोडली नाही. १८६४ च्या युद्धात त्यांनी युद्धभूमीजवळची रुग्णालये सांभाळली, १८६६ मध्ये बर्लिनमध्ये जखमींवरच्या शस्त्रक्रियांची देखरेख केली आणि १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात बर्लिनजवळच्या टेम्पलहोफ येथील मोठ्या लष्करी रुग्णालयात ते सल्लागार सर्जन होते. त्या काळच्या युद्धांत रुग्णालय कितीही चांगले असले, तरी जखमी माणूस तेथे पोहोचायला अनेक तास लागत. फुटलेल्या धमनीतून रक्त वाहायचे थांबले नाही, तर मृत्यूला काही मिनिटे पुरतात. मोडलेल्या पायाला आधार न देता गाडीत घातले, तर हाडाची टोके आतून आणखी इजा करतात. म्हणजे जखमीचे भवितव्य बऱ्याच अंशी सर्जनच्या आधी त्याच्याजवळ पोहोचणाऱ्या माणसावर अवलंबून असते.

एस्मार्ख यांचे लक्ष त्या माणसाकडे गेले. १८६९ मध्ये त्यांनी युद्धभूमीवरच्या पहिल्या मलमपट्टीविषयी एक पुस्तिका लिहिली. त्यात भर होता तो त्रिकोणी पट्टीवर. चौकोनी कापड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापले की दोन त्रिकोण मिळतात. तो त्रिकोण गळ्यात अडकवला की मोडलेल्या हाताची झोळी होते, डोक्यावर बांधला की टोपीसारखी पट्टी होते आणि घड्या घातल्या की पायाला फळी बांधायची दोरी होते. ही मूळ कल्पना स्वित्झर्लंडमधील मॅथियास मेयर या डॉक्टरांची होती. एस्मार्ख यांनी त्या कापडावरच पट्टी बांधायच्या निरनिराळ्या रीतींची चित्रे छापून घेतली. न शिकलेल्या शिपायालाही चित्र पाहून पट्टी बांधता यावी, हा त्यामागचा हेतू. आज शाळेतल्या स्काउट-गाइडच्या गळ्यात जो रुमाल असतो, त्याचाही गरजेला असाच उपयोग करता येतो.

शस्त्रक्रियेच्या जगात त्यांचे नाव गाजले ते १८७३ मध्ये. हाता-पायाची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी बोटांकडून वरच्या दिशेने रबरी पट्टा घट्ट गुंडाळत न्यायचा, म्हणजे त्या अवयवातले रक्त शरीराकडे ढकलले जाते. मग वरच्या टोकाला रबरी नळी आवळून रक्त परत येणे थांबवायचे. या पद्धतीमुळे शस्त्रक्रियेत वाया जाणारे रक्त वाचले. रक्त चढवण्याची सुरक्षित सोय नसलेल्या काळात ही गोष्ट फार मोठी होती. तो पट्टा आजही अस्थिरोगांच्या शस्त्रक्रियागृहात त्यांच्याच नावाने ओळखला जातो. क्लोरोफॉर्मने बेशुद्ध झालेल्या रुग्णाची जीभ मागे पडून श्वासमार्ग बंद होतो. अशा वेळी खालचा जबडा दोन्ही बाजूंनी पुढे ढकलण्याची जी युक्ती आजही डॉक्टर वापरतात, तिच्या प्रसारातही त्यांचा वाटा आहे. शिवाय त्यांनी लवचीक पट्ट्यांचे गॅलिस तयार करवून घेतले होते. एरवी ते पँट सावरत आणि अपघात झाला, तर तोच पट्टा काढून रक्तस्राव थांबवायला वापरता येई. संकटाच्या वेळी जे साधन अंगावर किंवा हाताशी असेल तेच कामाला येते, हे त्यांनी नेमके हेरले होते.

१८८१ मध्ये आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेसाठी ते लंडनला गेले. तेथे सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन ही चार वर्षांपूर्वीच स्थापन झालेली संस्था सर्वसामान्य नागरिकांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग चालवत होती. इंग्लंडमध्ये हे शिक्षण नागरिकांपर्यंत नेण्यात पीटर शेफर्ड या लष्करी सर्जनचा पुढाकार होता. आपण सैनिकांसाठी वापरलेली त्रिकोणी पट्टी साध्या नागरिकांच्या हाती पाहून एस्मार्ख यांच्या मनाने घेतले, की हे जर्मनीतही व्हायला हवे. अपघात काही फक्त युद्धातच होत नाहीत. ते कारखान्यात, बंदरावर, रेल्वेत, रस्त्यावर आणि घरातही होतात.

परत आल्यावर १८८२ मध्ये त्यांनी कीलमध्ये जर्मन समॅरिटन संघ स्थापन केला आणि वर्ग सुरू केले. हे नाव बायबलमधल्या एका कथेवरून घेतले आहे. वाटेत जखमी होऊन पडलेल्या अनोळखी माणसाला बाकीचे टाळून पुढे जातात, पण समारिया प्रांतातला एक वाटसरू थांबून त्याच्या जखमा बांधतो, अशी ती कथा. वर्गाचा अभ्यासक्रम अवघ्या पाच व्याख्यानांचा होता. आधी शरीराची रचना आणि कार्य, मग जखमा आणि रक्तस्राव, हाडे मोडणे आणि भाजणे, बुडणे, गुदमरणे, बेशुद्धी आणि विषबाधा, आणि शेवटी जखमीला न दुखवता कसे हलवावे. ही व्याख्याने त्याच वर्षी पुस्तकरूपाने आली. राणी व्हिक्टोरियाची कन्या हेलेना हिने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. एस्मार्ख यांची दुसरी पत्नी राजकुमारी हेन्रिएट ही हेलेनाच्या पतीची बहीण. पुढे पुस्तकाची इतर अनेक भाषांत भाषांतरे झाली.

विरोध झाला तो याच टप्प्यावर. पाच व्याख्याने ऐकलेला माणूस स्वतःला डॉक्टर समजू लागेल, भोंदूगिरी वाढेल आणि रुग्ण वेळेवर डॉक्टरकडे जाणार नाहीत, अशी भीती अनेक डॉक्टरांनी व्यक्त केली. ही भीती अगदीच निराधार नव्हती. एस्मार्ख यांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे प्रथमोपचाराला घातलेली मर्यादा. डॉक्टर येईपर्यंत जीव टिकवायचा, इजा वाढू द्यायची नाही आणि डॉक्टर आले की बाजूला व्हायचे. औषधोपचार करणे हे या शिक्षणाचे काम नव्हे. चुकीची मदत कोणती, हे शिकवणे त्यांना तितकेच महत्त्वाचे वाटे. १८८७ मध्ये त्यांना सरदारकी मिळाली आणि नावात ‘फॉन’ आले. २३ फेब्रुवारी १९०८ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी कील येथे त्यांचे निधन झाले. तोवर प्रथमोपचाराचे वर्ग अनेक देशांत रुजले होते.

त्यांच्या काळातला सगळा सल्ला आज चालत नाही. तेव्हा भाजलेल्या जागी तेल लावण्याचा प्रघात होता. आज तेल, हळद, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही न लावता २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली तो भाग धरायला सांगतात. बर्फही लावायचा नाही. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापड ठेवून जखमेवर थेट आणि सलग दाब द्यायचा. दर मिनिटाला कापड उचलून पाहायचे नाही. साप चावल्यास आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, विष चोखणे हे तिन्ही टाळायचे. चावलेला भाग न हलवता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यायचे. फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचाही घालायचा नाही. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करून, झटके थांबल्यावर त्याला कुशीवर वळवायचे. कुणी ॲसिड किंवा फिनेल प्यायले, तर उलटी करवायची नाही.

घशात काही अडकून श्वास कोंडला, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापट्या द्यायच्या आणि तरीही न निघाल्यास पोटावर आत आणि वर असे पाच दाब द्यायचे. एक वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर मात्र दाब देऊ नये. त्याच्या पाठीवर थापट्या आणि छातीवर बोटांनी दाब द्यावा. मोठा माणूस निपचित पडला आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने जोरात दाब देत राहायचे. हे दोन्ही वाचून येत नाही, प्रशिक्षित माणसाकडून एकदा करून शिकावे लागते.

तयारी संकटाच्या आधीच करायला हवी. १०८ आणि ११२ हे क्रमांक आजीपासून नातवापर्यंत सर्वांना पाठ असावेत आणि फोनवर घराचा पत्ता खुणेसह सांगता यावा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. वास आला की रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणाला हात लावू नये. निर्जंतुक गॉज, पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे आणि दोन त्रिकोणी कापडे एका डब्यात, सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावीत. घरातल्या प्रत्येकाची औषधे, ॲलर्जी आणि रक्तगट यांची चिठ्ठीही त्याच डब्यात असावी.

एस्मार्ख यांनी निवडलेला समॅरिटन हा शब्द आपल्याकडे कायद्याच्या चर्चेतही आला आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिस किंवा रुग्णालयाने त्रास देऊ नये यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने अशा मदतगाराला संरक्षण दिले. म्हणजे रस्त्यावर मदतीला थांबताना भीती बाळगण्याचे कारण उरलेले नाही. प्रश्न उरतो तो आपल्याला नेमके काय करायचे हे माहीत असण्याचा. एस्मार्ख यांनी त्यासाठी पाच व्याख्याने पुरेशी मानली होती. आपल्या भागात प्रथमोपचाराचा वर्ग कुठे भरतो याची चौकशी करून घरातल्या निदान दोघांनी तो पूर्ण करावा. संकटाच्या वेळी एकटा शिकलेला माणूस नेमका घराबाहेर असू शकतो.