हवा धुणारा इंजिनिअर

एडिसन म्हटलं की बल्ब आणि राइट बंधू म्हटलं की विमान, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण एसी कुणाचा? मेकॅनिकलच्या मुलांना कॅरिअर हे नाव माहीत असतं, पण ते कंपनीचं म्हणून. त्या नावाचा एक हाडामांसाचा माणूस होता आणि ज्या सायक्रोमेट्रिक चार्टच्या रेषा पाहून परीक्षेत आपल्या डोळ्यांपुढे अंधारी येते, त्याचं मूळही त्याच्याच कामात आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

विलिस हॅविलंड कॅरिअर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला या गावाकडच्या एका शेतावर झाला. ते एकुलते एक. आई मोठी खटपटी बाई होती. घरातली घड्याळं, शिवणयंत्र असं काहीही बिघडलं की स्वतःच उघडून बसायची. लहानग्या विलिसच्या डोक्यात अपूर्णांक काही केल्या शिरेनात, तेव्हा तिने सफरचंदं कापून त्याला अर्धा, पाव आणि अष्टमांश शिकवला. विलिस अकरा वर्षांचा असताना ती गेली. पण बिघडलेली वस्तू उघडून बघायची सवय ती मागे ठेवून गेली असावी, असं मला वाटतं.

पुढे कॉर्नेल विद्यापीठाची स्कॉलरशिप मिळाली, पण राहण्या-खाण्याचा खर्च स्वतःच भागवायचा होता. मग हा मुलगा लोकांच्या अंगणातलं गवत कापायचा, पंगतीत वाढायचा आणि घरोघरच्या भट्ट्या सांभाळायचा. आपल्याला घरातली भट्टी म्हणजे काय ते चटकन कळत नाही. तिकडे हिवाळ्यात घर गरम ठेवायला तळघरात कोळशाची भट्टी असायची. तिच्यात वेळेवर कोळसा टाकायचा, राख काढायची, धुराची वाट मोकळी ठेवायची. एक दिवस आळस केला की वरचं सगळं घर गारठलं! शिवाय त्याने विद्यार्थ्यांची सहकारी लाँड्रीसुद्धा काढली होती. (हॉस्टेलच्या धोब्याला कंटाळलेल्यांनी नोंद घ्यावी.)

१९०१ साली डिग्री मिळाली आणि बफेलो फोर्ज कंपनीत आठवड्याला १० डॉलरवर नोकरी लागली. काम होतं लाकूड आणि कॉफी वाळवण्यासाठी गरम हवेची यंत्रणा डिझाइन करण्याचं. तेव्हा हे सगळं अंदाजपंचे चालायचं. किती वाफ सोडली की किती हवा तापेल याचे नीट आकडेच नव्हते, म्हणून इंजिनिअर लोक भीतीपोटी यंत्र दुप्पट मोठं करून मोकळे व्हायचे. कॅरिअर यांनी मोजमापं घेऊन कोष्टकं तयार केली आणि कंपनीचे एका हिवाळ्यात सुमारे ४०,००० डॉलर वाचले.

दुसऱ्याच वर्षी ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्याची तक्रार आली. उन्हाळ्यात हवा दमट झाली की कागद फुगायचा, कोरडी झाली की आकसायचा. रंगीत छपाईत एकाच कागदावर एकामागून एक रंग चढतात. मधल्या वेळात कागद केसभर जरी हलला तरी चित्र बिघडलं! म्हणजे गंमत बघा, एसीचा जन्म माणसाला गार वाटावं म्हणून झालेलाच नाही. तो कागदासाठी झाला. १७ जुलै १९०२ ही त्या ड्रॉइंगवरची तारीख, आणि कॅरिअर तेव्हा फक्त पंचवीस वर्षांचे होते. हवेतली आर्द्रता वर्षभर ५५ टक्के ठेवायची होती आणि त्यासाठी लागणारा थंडावा दिवसाला १,०८,००० पौंड बर्फ वितळवण्याइतका, म्हणजे ५४ टन होता. आपण दीड टनाचा एसी म्हणतो तो टन हाच, बर्फाचा.

खरी कल्पना मात्र त्याच वर्षी पिट्सबर्गच्या रेल्वे स्टेशनवर सुचली. धुकं दाटलेलं, गाडी यायची होती. कॅरिअर प्लॅटफॉर्मवर धुक्याकडे बघत विचार करत होते. धुकं म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेली हवा. आता हवा जितकी थंड तितकं कमी पाणी तिच्यात मावतं. मग पाण्याच्या फवाऱ्यातून हवा नेऊन आपणच धुकं तयार केलं आणि पाण्याचं तापमान हातात ठेवलं, तर हवेत किती ओल राहील तेही आपल्याच हातात! पाण्याने हवा कोरडी करायची, हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं. पण थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम सुटतो ना, ते पाणी हवेतूनच आलेलं असतं. गार फवारा हवेतली ओल तशीच ओढून घेतो. आणि धूळही धुऊन निघते.

इथे मला आमचं मंद्रूप आठवतं. सोलापूरहून विजापूर रोडने आलात की आमचं गाव लागतं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, पण हवा कोरडी असते. माळवदाच्या जुन्या घरात जरा गारवा मिळतो, पण पावसाळ्याआधी त्या माळवदावर पांढरी माती टाकावीच लागते, नाहीतर पहिल्या पावसात गळायला लागतं. स्लॅबच्या घरात मात्र कूलरशिवाय गत नाही. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर चार्टवर ओल्या थर्मामीटरचं तापमान साधारण २३ अंश दिसतं. चांगला कूलर त्याच्या बराच जवळ जातो. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के असताना तोच कूलर जेमतेम दोन अंश कमी करतो आणि अंथरूण ओलसर करतो ते वेगळंच. कूलर बिघडला असं म्हणून आपण त्याला चापट मारतो, पण दोष त्याचा नसतो. (कॉन्व्हेंटमध्ये आम्ही ह्युमिडिटी शिकलो, आजी नुसतं दमट म्हणते. आजीचा शब्द जास्त चांगला आहे.)

पण एप्रिलमध्येही कूलर गार करत नसेल, तर मात्र दोष आपला. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. पाणी उडून जातं आणि क्षार गवतावर राहतात, पांढरा थर चढतो. पंपाच्या नळीची भोकं बुजली की गवताचा अर्धा भाग कोरडाच राहतो आणि तिथून गरम वारा सरळ आत येतो. माठाचं तेच! छिद्रं बुजली की माठ गार करत नाही, म्हणून तर दरवर्षी नवा माठ आणतात. तेव्हा हंगामाच्या सुरुवातीला गवत बदला, नळीची भोकं दाभणाने मोकळी करा, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा. नुसती वरून भरत राहिलात तर क्षार वाढतच जातात आणि डास होतात ते निराळे. हात घालण्याआधी प्लग काढा, बटण बंद करून भागत नाही. आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, दमट हवेला बाहेर जायला वाट हवी. ज्या घरात म्हातारी माणसं दुपारी एकटी असतात तिथे ही अर्ध्या तासाची मेहनत फार मोलाची आहे.

असो, पुन्हा कॅरिअरकडे वळू. हवा धुण्याच्या त्यांच्या यंत्राला २ जानेवारी १९०६ रोजी पेटंट मिळालं. गिऱ्हाईक म्हणून कापड गिरण्या आल्या. कोरड्या हवेत सूत तुटतं, हे गिरण्यांच्या सोलापूरला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८० च्या दशकातच हवा ओली करणारी यंत्रं बसवली होती, विलिस तेव्हा शाळकरी पोर होता. पण किती ओल हे मोजून हिशेबात आणलं ते कॅरिअर यांनी. १९११ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या सभेत आपली सूत्रं मांडली. आपला अभ्यास वाढला तो तिथून!

पहिल्या महायुद्धाच्या धास्तीने बफेलो फोर्जने हा विभाग गुंडाळायचं ठरवलं. तेव्हा १९१५ साली कॅरिअर आणि सहा सहकाऱ्यांनी ३२,६०० डॉलर जमवून स्वतःची कंपनी काढली. १९२२ मध्ये त्यांनी सेंट्रिफ्यूगल चिलर लोकांसमोर आणला. यात विषारी अमोनिया नव्हता, म्हणून तो गर्दीच्या जागी बसवता आला. १९२५ साली न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात पहिल्या खेळाला लोक सवयीने हातपंखे घेऊन आले होते. यंत्र उशिरा सुरू झालं. पंखे हलत राहिले, मग एकेक करून मांडीवर थांबले. मागे उभ्या कॅरिअर यांचा जीव तेव्हा भांड्यात पडला असणार. मुंबईत १९३३ साली उघडलेलं रीगल हे आपल्या देशातल्या पहिल्या वातानुकूलित थिएटरांपैकी एक.

१९२८ साली त्यांच्या कंपनीने घरासाठी छोटं यंत्र आणलं, पण लगेच मंदी आली. यंत्र घरात आलं की देखभालही घरच्यांवर येते. एसीत आता पाण्याचा फवारा नसतो, थंड नळ्यांवर हवेतली ओल जमते. त्यापुढचा फिल्टर धुळीने भरला की हवा कमी पडते, नळ्यांवर बर्फ धरतो आणि खोली गार होत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी दरवर्षी माणूस येऊन गॅस भरून जायचा, फिल्टर कुणी काढूनच पाहिला नव्हता. गॅस बंद नळ्यांत फिरतो, तो पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला तर गळती आहे, आधी ती शोधायला हवी. फिल्टर दोन-तीन आठवड्यांनी नळाखाली धुवावा, बाहेरच्या युनिटची जाळी साफ ठेवावी. गीझरच्या कॉइलवरही बोअरच्या पाण्याचा थर चढतो, तोही वर्षातून एकदा काढून घ्यावा.

दुसऱ्या महायुद्धात कॅरिअर यांच्याकडे विचित्र काम आलं. खूप उंचावरची थंडी जमिनीवर तयार करून विमानं तपासायची होती, उणे ६७ अंश फॅरनहाइट! क्लीव्हलँडच्या त्या बोगद्याची शीतयंत्रणा त्यांनी करून दाखवली. हृदयाच्या दुखण्यामुळे १९४८ मध्ये ते निवृत्त झाले आणि ७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले. घरोघरी एसी लागायला तेव्हा कुठे सुरुवात झाली होती.