विश्लेषण : ‘निरुपयोगी’ चिकट गाळातून सिलिकोन! कोण होते फ्रेडरिक किपिंग?

पालघर तालुक्यातील दातिवरेसारख्या कोळी गावांत १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत नौका किनाऱ्याला लागतात. तळाला चिकटलेले शिंपले, शेवाळ खरवडून रंग देण्याचा हा काळ. या थरामुळे नौकेला डिझेल जास्त लागते. तो रोखणाऱ्या विषारी कथिलयुक्त रंगांवर २००८ पासून जागतिक बंदी आहे. दुसरीकडे, फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात टिकून राहत असल्याने हॅलोजनमुक्त लेपांना मागणी आहे. त्यातील प्रमुख पर्याय सिलिकोन. त्याचे नाव फ्रेडरिक किपिंग यांनी दिले.

किपिंग यांनी काय केले?

जन्म १८६३, मँचेस्टर. म्युनिकमध्ये शिक्षण. १८९७ पासून नॉटिंगहॅममध्ये प्राध्यापक. सिलिकॉन आणि कार्बन जोडलेली संयुगे त्यांनी सुमारे चार दशके अभ्यासली. एक संयुग कीटोनसारखे असावे, असे समजून १९०१ मध्ये त्यांनी ‘सिलिकोन’ हा शब्द वापरला. प्रत्यक्षात ती सिलिकॉन-ऑक्सिजनची साखळी होती. तर्क चुकला, नाव मात्र टिकले.

मग उपयोग का दिसला नाही?

त्यांना हवे होते शुद्ध स्फटिक. हाती यायचा चिकट गाळ. १९३६ च्या बेकरियन व्याख्यानात त्यांनी या क्षेत्राच्या भवितव्याबद्दल निराशाच व्यक्त केली. त्याच दशकात अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत जेम्स फ्रँकलिन हाइड यांनी त्या गाळातच उपयोग शोधला. १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनी स्थापन झाली. किपिंग १९४९ मध्ये निवर्तले. तोवर सिलिकोन उद्योग उभा राहिला होता.

सिलिकोनला काही चिकटत का नाही?

साखळी लवचीक असते आणि तिच्या बाहेरच्या बाजूला मिथाइल गट असतात. त्यामुळे पृष्ठभागाची ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे २० मिलिज्यूल, म्हणजे टेफ्लॉनच्या जवळपास राहते. पाण्याची सुमारे ७२ असते. जीव चिकटले तरी पकड ढिली राहते आणि नौका वेगात निघाली की ते सुटून पडतात.

अडचणी कोणत्या?

हा लेप मऊ असल्याने ओरखडे पडतात. संथ किंवा उभ्या नौकेवर परिणाम कमी होतो. शिवाय तयार लेपात हॅलोजन नसले तरी कच्चा माल क्लोरिनयुक्त सिलेनपासूनच बनतो. म्हणजे क्लोरिन लेपातून गेले, कारखान्यातून नाही.