डावॉन कांग

डावॉन कांग (४ मे, १९३१ – १३ मे, १९९२) हे कोरियात जन्मलेले अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ व विद्युत अभियंते होते. मॉसफेट आणि तरंगते गेट असलेला स्मृती-ट्रान्झिस्टर या दोन शोधांचे ते सहसंशोधक होत. फ्लॅश स्मृती तसेच पुसून पुन्हा लिहिता येणारे अनेक प्रोग्रामेबल लॉजिक संच त्यांच्या दुसऱ्या शोधावर आधारलेले आहेत.

शिक्षण

कांग यांचा जन्म त्या काळी जपानच्या अमलाखाली असलेल्या सोल शहरात झाला. सोल राष्ट्रीय विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ते १९५५ साली अमेरिकेस गेले. १९५९ साली त्यांनी ओहायो स्टेट विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी ते न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले.

मॉसफेट

बेल प्रयोगशाळेत महंमद अताल्ला यांच्यासमवेत कांग यांनी मॉसफेट तयार केला आणि १९६० साली तो विद्वानांसमोर मांडला. यात सिलिकॉनवर सिलिकॉन डायऑक्साइडचा पातळ थर व त्यावर धातूचे गेट असते. गेटला दिलेल्या विद्युतदाबाने खालचा प्रवाह नियंत्रित होतो. तत्कालीन ट्रान्झिस्टरांच्या तुलनेत हा नवा घटक मंद होता, त्यामुळे प्रयोगशाळेने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. त्याची रचना सोपी असल्याने एकात्मिक मंडलांत तो उपयोगी पडेल, असे कांग यांनी १९६१ सालच्या टिपणात नोंदवले होते. पुढील काळाने हे अनुमान खरे ठरवले.

तरंगते गेट

१९६७ साली कांग यांनी सायमन झी यांच्यासह मॉसफेटमध्ये आणखी एक गेट घातले. झी यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, भोजनानंतरच्या केकचे थर पाहताना ही कल्पना सुचली. हे गेट चहूबाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेले असून कोणत्याही तारेला जोडलेले नसते, म्हणून त्यास तरंगते गेट म्हणतात. पुरेसा तीव्र विद्युतदाब दिल्यास इलेक्ट्रॉन रोधकातून पार होऊन या गेटवर जातात व दाब काढल्यावर तेथेच अडकून राहतात. त्यांच्या असण्यानसण्यावरून शून्य किंवा एक ओळखता येतो.

पहिल्या नमुन्यात हा विद्युतभार तासाभराहून अधिक टिकल्याचे आढळले. आजच्या चिपमध्ये तो अनेक वर्षे टिकतो. नांदेड-लातूर भागात वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाला, तरी घरातील इलेक्ट्रॉनिक मीटरमधील युनिटांची नोंद पुसली जात नाही, ती अशाच स्थायी स्मृतीमुळे.

या तत्त्वावरील पहिली व्यापारी चिप इंटेल कंपनीने १९७१ साली आणली. ती अतिनील किरणांनी पुसावी लागे. विजेनेच मोठा भाग एकदम पुसणारी फ्लॅश स्मृती तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली मांडली. त्याच वर्षी अल्टेरा कंपनीचा पुसून पुन्हा लिहिता येणारा लॉजिक संच बाजारात आला. त्यातील जोडण्याही तरंगत्या गेटांतच साठवलेल्या होत्या.

लॉजिक व स्मृती यांची जोडणी

समांतर फ्लॅश चिपला पत्त्याच्या अनेक तारा, आठ किंवा सोळा विदा-तारा आणि चिपनिवड, वाचन व लेखन यांसाठी स्वतंत्र नियंत्रण-तारा असतात. प्रोग्रामेबल लॉजिकमध्ये या तारांचा क्रम सांभाळणारे मंडल रचावे लागते. त्याचे बहुतेक नियम तरंगत्या गेटाच्या भौतिकीतून आले आहेत.

वाचताना अडकलेला भार हलत नाही, म्हणून वाचन सुमारे शंभर नॅनोसेकंदांत होते. लिहिताना इलेक्ट्रॉन रोधकापार न्यावे लागतात व त्यास कित्येक मायक्रोसेकंद लागतात. लेखनाने एकाचा शून्य होतो, परंतु शून्याचा एक करण्यासाठी संपूर्ण खंड पुसावा लागतो. त्यास सेकंदाच्या आसपास वेळ जातो. म्हणून मंडलाने आज्ञा देऊन थांबावे, चिपची स्थिती तपासावी आणि काम पूर्ण झाल्यावरच पुढे जावे, अशी रचना करतात. चुकून लेखन होऊ नये यासाठी आज्ञा ठरावीक पत्त्यांवर ठरावीक क्रमानेच द्याव्या लागतात. प्रत्येक लेखन-पुसणीने रोधक थोडा झिजतो, त्यामुळे एकच खंड वारंवार वापरणे टाळतात.

वीज जाताच आपली रचना विसरणारे मोठे लॉजिक संचही आहेत. ते सुरू होताना ही रचना बहुधा फ्लॅशमधून वाचून घेतात. काही यंत्रांत हे वाचन करून देण्यासाठी दोहोंमध्ये एक छोटा स्थायी लॉजिक संच बसवतात. अशा जोडणीत देणारा व मध्यस्थ या दोघांच्याही ठायी कांग यांचेच तरंगते गेट असते.

उत्तरायुष्य व सन्मान

कांग यांनी प्रकाश देणाऱ्या पातळ थरांवरही संशोधन केले. १९७५ साली फ्रँकलिन संस्थेने त्यांना स्टुअर्ट बॅलंटाइन पदक दिले. १९८८ साली बेल प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन ते न्यू जर्सीतील एनईसी संशोधन संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. इंटेलने फ्लॅश चिपची व्यापारी विक्री सुरू केली, तीही त्याच वर्षी.

महाधमनी फुटल्याने करावी लागलेली तातडीची शस्त्रक्रिया व त्यानंतरची गुंतागुंत यांमुळे १३ मे, १९९२ रोजी न्यू ब्रन्सविक येथे त्यांचे निधन झाले. पेन ड्राइव्ह, स्मृतिपत्रे व स्मार्टफोन यांमुळे फ्लॅश घरोघर पोहोचली ती त्यानंतर. अताल्ला व कांग यांची नावे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानदालनात २००९ साली समाविष्ट झाली. दक्षिण कोरियात अर्धवाहक क्षेत्रातील संशोधकांना त्यांच्या नावे पुरस्कार दिला जातो.