विल्यम लॅम्बटन: हिंगणघाटचा मोजणीवाला आणि आपलं कोड कव्हरेज

चंद्रपूरहून रेल्वेने वर्ध्याकडे निघालं की वरोऱ्यानंतर हिंगणघाट लागतं. जानेवारी 1823 मध्ये विल्यम लॅम्बटन इथेच वारला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना कोड कव्हरेज समजावताना मी याच माणसाची गोष्ट सांगतो.

लॅम्बटन इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा, ब्रिटिश पायदळातला अधिकारी. 1799 मध्ये टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यावर त्याने दक्षिण भारत गणिताने मोजायचा प्रस्ताव मांडला. 1802 मध्ये मद्रासजवळ त्याने सुमारे 12 किलोमीटरची पहिली रेषा मोजली. त्यासाठी 100 फुटी पोलादी साखळी जवळपास 400 वेळा जमिनीवर मांडावी लागली. पुढचं काम मुख्यतः कोनांचं. अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट टेकड्यांवर चढवायचं, कोन घ्यायचे, त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं. मधूनमधून एखादी रेषा पुन्हा साखळीने मोजायची आणि गणिताशी ताडून बघायची. म्हणजे टेस्टच!

1808 मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना थिओडोलाइट आपटलं. लॅम्बटनने ते स्वतः दुरुस्त केलं. 1818 मध्ये या कामाला ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं. पाच वर्षांनी, सत्तरीच्या आसपास, नागपूरकडे जाताना तो गेला.

पण काम थांबलं नाही. कुठून कुठे कोणता कोन घेतला, हे सगळं आकड्यांत नोंदलेलं होतं. त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्टने तिथून पुढे सुरुवात केली.

कव्हरेज रिपोर्टचंही तसंच आहे. टेस्ट चालवताना कोडची कोणती ओळ चालली, कोणती नाही, हे तो सांगतो. रंगीत एचटीएमएल रिपोर्ट आपल्या डोळ्यांसाठी असतो: हिरवी ओळ चालली, लाल नाही. बिल्ड सर्व्हरला रंगांचा उपयोग नाही. त्याला एक्सएमएल किंवा जेसन फाइल लागते: फाइलचं नाव, ओळीचा नंबर, ती चालली का. पायथनचं कव्हरेज डॉट पाय हे टूल दोन्ही बनवून देतं. मग कव्हरेज ठरलेल्या टक्क्याखाली गेलं की सर्व्हर स्वतःच बिल्ड अडवू शकतो. कुणाच्या लक्षात राहण्यावर काम अवलंबून राहत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. चांगली साधनं आल्यावर एव्हरेस्टने लॅम्बटनच्या कामातला काही भाग पुन्हा मोजून घेतला. मोजलेलं म्हणजे बरोबरच, असं त्याने धरलं नाही. तसंच ओळ चालली म्हणजे ती बरोबर चालली, असं नाही.

आणि लाल ओळी कुठे आहेत तेही बघा. समजा, भामरागडच्या आरोग्यसेविकांसाठी ॲप केलंय. ऑफिसच्या वायफायवर सगळ्या टेस्ट पास, कव्हरेज 90 टक्के. पण नेटवर्क गेल्यावर नोंद फोनमध्ये जपून ठेवणारा कोड उरलेल्या 10 टक्क्यांत असेल, तर जंगलातल्या गावात एखाद्या गरोदर बाईची नोंद गायब होऊ शकते. तिथे नेटवर्क जाणं ही रोजचीच गोष्ट आहे. म्हणून टक्का नंतर बघा, आधी न चाललेल्या ओळी उघडा.