कै. गोपाळ गणेश आगरकर : एका अज्ञेयवाद्याचे चरित्र

चैत्र लागला म्हणजे खानदेशातून सप्तशृंगीच्या गडाकडे निघालेल्या यात्रेकरूंचे थवे आमच्या देवळ्याच्या रस्त्याने जाऊ लागतात. पायांस फोड आले तरी त्यांच्या मुखावरील उल्हास मावळत नाही. त्यांचा मार्ग आमचा नव्हे. तथापि ती निष्ठा पाहून मन थोडे थबकते. अशा वेळी वर्गात एक प्रश्न हटकून निघतो. ज्यांनी सर्वच धर्म सोडले, गड नाही, मंदिर नाही, मशीद नाही आणि चर्चही नाही, अशा लोकांस रात्री एकटे असता आपण चुकलो तर नाही ना, असे कधी वाटत असेल काय?

प्रश्न बालमुखातून आला म्हणून तो हसण्यावारी नेणे आम्हांस उचित वाटत नाही. नुसत्या युक्तिवादाने त्याचे उत्तर देण्यापेक्षा ज्याने हा निर्णय घेतला आणि त्याची किंमत आयुष्यभर मोजली, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावे, असे आम्ही योजिले आहे. आगरकरांचे मत आमचे नव्हे, हे प्रारंभीच सांगून टाकतो. परंतु ज्याच्याशी आपला मतभेद आहे, त्याचे चरित्र अधिक प्रामाणिकपणे सांगावे लागते.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म 14 जुलै 1856 रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडनजीकच्या टेंभू या गावी एका दरिद्री ब्राह्मण कुटुंबात झाला. घरी शिक्षणास पैसा नव्हता. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे हिंडत, आप्तांच्या व सज्जनांच्या आश्रयाने आणि मिळेल ते काम करीत त्यांनी विद्या संपादन केली. अंगात घालावयास एकच सदरा. तो रात्री धुवून वाळत घालावा आणि सकाळी पुन्हा घालावा, अशी त्यांच्या विद्यार्थिदशेची हकीकत सांगतात. 1875 साली मॅट्रिक होऊन ते पुण्यास डेक्कन कॉलेजात आले. तेथे मिल्ल व स्पेन्सर या इंग्रज तत्त्ववेत्त्यांच्या ग्रंथांनी त्यांच्या विचारांस वळण लावले आणि तेथेच बाळ गंगाधर टिळकांशी त्यांचा स्नेह जडला.

परीक्षा उतरल्यावर मोठी सरकारी नोकरी धरून कुटुंबाचे पांग फेडावे, ही मातेची अपेक्षा स्वाभाविक होती. आगरकरांनी आईस पत्र लिहून कळविले की, आपला मुलगा पुष्कळ पैसा मिळवील ही आशा तिने धरू नये. पोटापुरते मिळाले म्हणजे संतोष मानून उरलेले आयुष्य आपण परहितार्थ घालविणार. ज्यास परलोकाचा भरवसा नाही त्याने असा त्याग कशासाठी करावा, हे कोडे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. आमचाही विचार तेथे अनेकदा अडला आहे.

पुढील हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. 1880 साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि एम. ए. होऊन आगरकर त्या मंडळीस मिळाले. 4 जानेवारी 1881 रोजी 'केसरी' पत्र सुरू झाले, त्याचे पहिले संपादक तेच. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात 1882 साली टिळकांस व त्यांस शिक्षा होऊन मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. या दोघा मित्रांचे तेथेही वाद चालत. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. पुढे मते फाटली. राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, या वादात आगरकरांनी 1887 साली 'केसरी' सोडला आणि 1888 च्या ऑक्टोबरात 'सुधारक' पत्र काढले.

आता त्यांच्या अश्रद्धेकडे वळू. पुष्कळ लोक त्यांस नास्तिक म्हणून मोकळे होतात. परंतु ईश्वर नाही असे छातीठोकपणे सांगणारा नास्तिक निराळा आणि मनुष्याच्या बुद्धीस त्या ठिकाणी पोहोचता येत नाही असे म्हणणारा अज्ञेयवादी निराळा. आगरकर दुसऱ्या वर्गातील होत. जगाच्या मुळाशी काय आहे हे आपणांस कळलेले नाही, आणि जे कळलेले नाही त्याच्या नावावर बालविवाह, विधवांचे केशवपन व जातिभेद लोकांच्या माथी मारण्याचा कोणास अधिकार नाही, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. तेव्हा संशय हा त्यांच्या घरी चोरून आलेला पाहुणा नव्हता. तो त्या घराचा पायाच होता. आपल्या मुलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. असा मनुष्य आपणांस सर्व कळले अशी बढाई मारीत नाही.

उरलेले अर्धे उत्तर संकटांनी दिले. अश्रद्धेचीही परीक्षा श्रद्धेप्रमाणे संकटातच होते. आगरकरांवर ती तिन्ही बाजूंनी आली. पहिली बाजू समाजाची. पुण्याच्या सनातनी मंडळींनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. आपल्या घरावरून आपलेच प्रेत गेलेले पाहणे कोणास रुचेल? 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळीही लोकमताचा प्रवाह त्यांच्या विरुद्ध होता. एक पाऊल मागे घेतले असते तर हा त्रास टळता. पण त्यांनी ते घेतले नाही.

दुसरी बाजू घरची. पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या होत्या. त्यांची व्रते, त्यांचे देव यांस आगरकरांनी आडकाठी केली नाही. कित्येकांनी यास दुबळेपणा म्हटले. आम्हांस तसे वाटत नाही. स्वतःच्या विचारस्वातंत्र्यासाठी जो भांडतो, त्याने दुसऱ्याच्या, आणि विशेषतः आश्रितेच्या, श्रद्धेवर जुलूम न करणे हाच न्याय. पुष्कळ धर्मनिष्ठ गृहस्थांच्या घरी तेवढाही न्याय आढळत नाही.

तिसरी बाजू मृत्यूची. दम्याने त्यांचे शरीर फार दिवस पोखरले होते. 1892 साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले, तेव्हाही प्रकृती क्षीणच होती. 17 जून 1895 रोजी, वयास 39 वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांचे देहावसान झाले. आपल्या अंत्यविधीस लागणारा पैसा त्यांनी एका पुरचुंडीत आधीच बांधून ठेवला होता, असे सांगतात. ज्या टिळकांशी इतके कडाक्याचे वाद झाले, त्यांनीच 'केसरी'त त्यांचा मृत्युलेख लिहिला.

मरणसमयी अश्रद्ध मनुष्य घाबरून देवाचा धावा करतो, अशा गोष्टी आपल्या उपदेशकांच्या तोंडी पुष्कळ असतात. आगरकरांविषयी तशी गोष्ट सांगणे आम्हांस सोपे होते आणि काही वाचकांस ती गोडही लागती; परंतु ते असत्य होय. आपले मत त्यांनी भीतीने बदलल्याचा कोठेही दाखला नाही. त्यांच्या अंतःकरणात एखाद्या रात्री काय आले व गेले, हे त्यांचे त्यांस आणि, आम्ही मानतो, परमेश्वरास ठाऊक. खोट्या साक्षीने सत्य धर्माची सेवा होत नाही.

त्याच 1895 सालच्या फेब्रुवारीत, आगरकरांच्या मृत्यूपूर्वी चार महिने, मुंबईस आणखी एका महाराष्ट्रीय ब्राह्मणाने मोठा निर्णय घेतला. आपल्या नाशिकास विद्यार्थिदशा घालविलेले कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्माचा बाप्तिस्मा घेतला. आप्त तुटले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. एकाने श्रद्धेत पाऊल टाकले, दुसरा तिच्याबाहेरच राहिला. आम्ही स्वतः पहिल्याच्या वाटेने चालणारे. परंतु दोघांत एक साम्य आहे. दोघांनीही स्वतः विचार करून निवड केली आणि तिचे मोल दुसऱ्याच्या खिशातून दिले नाही.

म्हणून मुलांच्या प्रश्नास आम्ही असे उत्तर देतो. धर्म सोडणाऱ्यांच्या मनात शंका येत असेल, जशी ती धर्म पाळणाऱ्यांच्या मनात येते. प्रभूच्या बारा शिष्यांत थोमाही होता आणि त्याच्या शंकेसाठी प्रभूने त्यास घालवून दिले नाही. शंका येणे हे पाप नव्हे. शंका दाबून ढोंग करणे हे पाप होय. ज्याने केवळ आळसाने, किंवा चैनीस अडथळा नको म्हणून धर्म टाकला, त्यास आज ना उद्या पश्चात्ताप झाल्यास नवल नाही. परंतु ज्याने केवळ वडिलांकडून मिळाला म्हणून धर्म धरला आणि त्यासाठी कधी एक पैचाही तोटा सोसला नाही, त्याने आगरकरांकडे बोट दाखविण्यापूर्वी आपला धर्म एकदा तपासून पाहावा.

पालकांसही आमची नम्र विनंती आहे. घरी मुलाने असा प्रश्न केला, तर त्यास दटावू नये. दटावलेला प्रश्न मरत नाही; तो कोपऱ्यात बसून राहतो. पुढल्या चैत्रातही यात्रेकरू आमच्या रस्त्याने जातील आणि मुले पुन्हा तेच विचारतील. त्यांस आगरकरांची ही हकीकत सांगावी आणि विचार करावयास मोकळे सोडावे. आमची श्रद्धा खरी असेल, तर तिला त्यापासून भय नाही.