मुधोळचे श्वानपारखी : श्रीमंत मालोजीराजे घोरपडे

अजितनाथ तीर्थंकरांवर पुराणकाव्य रचणारा दहाव्या शतकातील जैन महाकवी रन्न हा मुधोळचा. आज कर्नाटकात असलेल्या त्याच मुधोळच्या मराठा संस्थानचे अधिपती श्रीमंत मालोजीराजे घोरपडे (१८८४–१९३७) यांची कीर्ती मात्र श्वानसंगोपनाची. १९०० साली ते गादीवर आले. संस्थानातील बेरड शिकाऱ्यांजवळचे सडपातळ, लांब पायांचे, विलक्षण वेगवान कुत्रे त्यांच्या नजरेत भरले. निवडक नर-मादी जमवून त्यांनी हा वंश निगुतीने जोपासला. पुढे त्यांनी या जातीच्या पिल्लांची एक जोडी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिली आणि मुधोळचे नाव सातासमुद्रापार गेले. लातूरकडे याच श्वानाला कारवानी म्हणतात.

हे श्वान पाळले जात ते शिकारीसाठीच. अहिंसेच्या उपासकांना ते खटकणारच, आणि खटकावेही. तथापि रानावनातील गरिबांच्या कुत्र्याचे मोल एका राजाने ओळखावे, हे नवलच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. श्वान मात्र टिकला. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. २०१६ मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रात त्याचे प्रशिक्षण सुरू झाले.